थ्रीडी गेमसाठी चष्मा: लोक घालतील, पण कुठल्या खेळाला?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत गेम झोन चालवणाऱ्या एका तरुणाने विचारलं आहे: "मॅडम, थ्रीडीत गेम खेळायची सोय करायचा विचार चाललाय. प्रोजेक्टर आणि शटरचे चष्मे, दोन्हीचा खर्च आहे. पण आपल्याकडची पोरं खेळताना डोळ्यावर चष्मा चढवतील का? की आठवडाभर नवलाई आणि मग सगळे चष्मे ड्रॉवरमध्ये?"

मी लक्ष्मीपुरीत ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करते. डोळे तपासणं आणि चष्मा बसवून देणं हा माझा धंदा, आणि दिलेला चष्मा माणूस नाकावर ठेवतो की खिशात, हे मी रोज बघते. घरी दोन मुलं कन्सोलवर खेळत मोठी झाली, त्यामुळे खेळांशीही ओळख आहे. तेव्हा उत्तर जरा सविस्तर देते.

आधी चष्म्याविषयी. कोल्हापुरात चष्मा कोण टिकवतो हे बघायचं असेल तर गुजरीत जा. दागिने घडवणारा कारागीर सकाळी भिंगाचा चष्मा चढवतो आणि जेवायच्या वेळीच काढतो. हुपरीत चांदीचं बारीक काम करणाऱ्यांचंही तेच. नाकावर वळ उठतात, मान दुखते, पण चष्मा नको असं कुणी म्हणत नाही. आता शिवाजी उद्यमनगरात या. लेथवर, ग्राइंडरवर काम करणाऱ्याला मालकाने सेफ्टी गॉगल दिलेला असतो आणि तो कपाळावर किंवा खुंटीला लटकत असतो. डोळ्यात लोखंडाचा कण गेलेली माणसं माझ्याकडे येतात, मी त्यांना तसंच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवते. बरे झाल्यावरही त्यातल्या कितीतरी जणांचा गॉगल पुन्हा कपाळावरच चढतो.

वजनाने भिंगाचा चष्मा गॉगलपेक्षा हलका नसतो आणि दिसायलाही देखणा नसतो. फरक इतकाच की, भिंग काढलं की कारागिराचं काम त्या क्षणी थांबतं, आणि गॉगल काढला तर काम चालूच राहतं, उलट घाम कमी येतो. गॉगलचा फायदा म्हणजे न झालेला अपघात, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ज्याचा उपयोग हातातल्या कामात त्याच क्षणी दिसतो तो चष्मा माणूस कितीही कुरकुरला तरी घालतो, असा माझा अनुभव आहे. थ्रीडी गेमच्या चष्म्यालाही मी हीच कसोटी लावते. चष्मा काढल्यावर खेळ बिघडतो का? बिघडत असेल तर पोरं चष्मा घालतील.

आजवर जे घडलं ते याच्याशी जुळतं. एनव्हिडियाने २००९ च्या सुरुवातीला थ्रीडी व्हिजन नावाचा संच बाजारात आणला. त्यात बिनतारी शटर चष्मा (दोन्ही काचा आळीपाळीने उघडझाप करणारा) होता, त्याला सेकंदाला १२० चित्रं दाखवणारा मॉनिटर लागायचा, आणि अमेरिकेत नुसत्या संचाची किंमत १९९ डॉलर होती. पुढच्या वर्षी सॅमसंग, सोनी, पॅनासोनिक, एलजी अशा सगळ्यांनीच थ्रीडी टीव्ही आणले आणि सोनीने प्लेस्टेशन ३ वर थ्रीडी गेम सुरू केले. २०१६ मध्ये सॅमसंगने आणि २०१७ मध्ये एलजी व सोनीने थ्रीडी टीव्ही बनवणं थांबवलं. एप्रिल २०१९ नंतरच्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमधून, म्हणजे तिचं कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, थ्रीडी व्हिजनचा आधारही गेला. लोकांना चष्मा नको होता, असा निष्कर्ष सगळ्यांनी त्यातून काढला.

मला तो अर्धवट वाटतो, आणि त्याचं कारण निन्टेन्डोचं ३डीएस. फेब्रुवारी २०११ मध्ये जपानमध्ये आलेल्या या हातातल्या यंत्रात चष्मा मुळीच नव्हता. पडद्यातच अशी बारीक जाळी होती की डाव्या डोळ्याला एक चित्र आणि उजव्याला दुसरं चित्र पोचायचं. चित्रातली खोली, म्हणजे चित्र किती आत-बाहेर दिसावं ते, कमी-जास्त करायला बाजूला सरकपट्टीही होती. चष्म्याचा त्रास नाही, वेगळा खर्च नाही. तरीही अनेक जणांनी ती पट्टी खाली ओढून ठेवली आणि सपाट चित्रावरच खेळत राहिले. २०१३ मध्ये निन्टेन्डोने स्वतःच २डीएस काढलं. गेम तेच, फक्त खोली काढून टाकलेली. बहुतेक खेळांत खोली नसली तरी खेळाचं काही अडत नव्हतं.

उलट बाजूही बघा. मेटाचं क्वेस्ट ३ हे व्हीआर (आभासी जगाचं) हेडसेट ५१५ ग्रॅमचं आहे. नंबरचा साधा चष्मा त्याच्या वीसेक पट हलका असतो. एवढं ओझं लोक हौसेने डोक्यावर चढवतात, कारण मान वळवली की त्या जगात मान वळते, आणि हेडसेट काढलं की सगळंच संपतं.

आता डोळ्यांकडे येते. इथे जरा थांबायला हवं, कारण "चष्मा नको" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची खरी तक्रार डोळ्यांची असते, ती फक्त त्यांना सांगता येत नाही.

मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांत साधारण ६३ मिलिमीटर अंतर असतं. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि मेंदू त्यांच्यातल्या फरकावरून खोली ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ मध्ये आरशांचं उपकरण करून हे दाखवून दिलं. थ्रीडी चष्मा तेच करतो. शटरचा चष्मा दोन्ही डोळ्यांपुढची काच आळीपाळीने बंद करतो, पोलराइज्ड चष्मा प्रत्येक डोळ्याला त्याच्या वाट्याचाच प्रकाश देतो.

अडचण अशी की, खऱ्या जगात जवळची वस्तू बघताना दोन गोष्टी एकदम होतात. दोन्ही डोळे आत वळतात आणि डोळ्यातलं भिंग त्याच अंतरावर फोकस करतं. या दोन क्रिया अगदी लहानपणापासून एकमेकींना बांधलेल्या आहेत. थ्रीडी पडद्यावर ती गाठ सुटते. समजा मॉनिटर ६० सेंटिमीटरवर आहे आणि गेममधली तलवार तुमच्या नाकापासून ३० सेंटिमीटरवर आल्यासारखी दिसते. डोळे वळतात ३० सेंटिमीटरसाठी, पण चित्र आहे पडद्यावर, म्हणून फोकस ६० वरच ठेवावा लागतो. आमच्या मापात, म्हणजे चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात त्यात, हा १.६७ डायॉप्टरचा फरक झाला. तुम्ही डोळ्यांना एका वेळी दोन वेगळे हुकूम देताय. डेव्हिड हॉफमन, मार्टिन बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हा फरक मुद्दाम घडवून मोजमाप केलं. फरक असला की थकवा येतो आणि दोन चित्रं एकत्र करायला जास्त वेळ लागतो, असं त्यांना आढळलं.

आता तोच खेळ तीन मीटर लांबच्या पडद्यावर लावा, आणि तलवार एक मीटर पुढे, म्हणजे तुमच्यापासून दोन मीटरवर येऊ द्या. फरक उरतो ०.१७ डायॉप्टर, म्हणजे दहावा हिस्सा. म्हणून सांगते, थ्रीडी करायचंच असेल तर मॉनिटरवर करू नका. पडदा मोठा घ्या आणि लांब लावा. तुमचा प्रोजेक्टरचा विचार मला याच कारणाने बरोबर वाटतो. शिवाय नवे थ्रीडी टीव्ही मिळत नसले तरी डीएलपी (बारीक आरशांच्या चिपवर चालणाऱ्या) प्रोजेक्टरांतल्या अनेक मॉडेलमध्ये थ्रीडी अजून असतं. घेण्याआधी तेवढी खात्री करून घ्या.

दुसरी गोष्ट, सगळ्यांना खोली दिसतेच असं नाही. लहानपणी एका डोळ्याला जास्त नंबर असेल आणि तो वेळेत सुधारला नसेल तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. त्याला आम्ही आळशी डोळा म्हणतो. तिरळेपणातही असंच होतं. अशा माणसाला थ्रीडी चष्मा दिला तर त्याला फक्त काळसर, सपाट चित्र दिसतं. काहींना खोली दिसते, पण डोळे आत वळवून धरण्याची ताकद कमी असते. त्यांचं दहा मिनिटांत कपाळ धरतं. ही मुलं "माझे डोळे तयार नाहीत" असं म्हणत नाहीत. ती म्हणतात, "भारी नाही राव," आणि चष्मा काढून ठेवतात.

माझ्या दवाखान्यात यासाठी एक चाचणी आहे, टिटमस फ्लाय. पोलराइज्ड चष्मा घालून एका पुस्तिकेतल्या मोठ्या माशीकडे बघायचं असतं. मी मुलाला सांगते, माशीचे पंख चिमटीत धर. ज्याला खोली दिसते त्याची बोटं कागदाच्या बरीच वर, हवेतच मिटतात, आणि काही मुलं तर दचकून हात मागे घेतात. ज्याला दिसत नाही तो सरळ कागदाला बोट लावतो. आई शेजारीच बसलेली असते आणि तिला हे पहिल्यांदाच कळत असतं, कारण एक डोळा चांगला असला की मूल शाळेत, खेळात सगळीकडे निभावून नेतं. २०११ च्या सुमारास निन्टेन्डोने सहा वर्षांपर्यंतच्या मुलांनी थ्रीडी बंद ठेवावं असं सुचवलं, तेव्हा अमेरिकेतल्या ऑप्टोमेट्रिस्टांच्या संघटनेने सांगितलं होतं की अशा खेळातून मुलांचे लपलेले दोष उलट लवकर लक्षात येऊ शकतात. मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. दोन डोळ्यांना वेगवेगळी चित्रं दाखवून आळशी डोळ्यावर उपचारही होतात. चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी हेडसेटवर चालणाऱ्या ल्युमिनोपिया वन या उपचाराला अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्यता दिली.

म्हणून तुम्हाला कळकळीची विनंती: कुणी पोरगं "मला काहीच दिसत नाही" म्हणालं तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याचे पैसे परत करा आणि घरच्यांना डोळे तपासून घ्यायला सांगा. आळशी डोळ्याचा उपचार जितका लवकर होईल तितका चांगला लागू पडतो.

आता कुठल्या खेळाला चष्मा टिकेल ते सांगते. गाडीचे खेळ, तेही गाडीत बसून समोर बघायच्या कॅमेऱ्याने. वळण किती लांब आहे, ब्रेक कुठे दाबायचा, पुढची गाडी किती जवळ आली, याचा अंदाज खोलीवरून येतो आणि चष्मा काढला की तो कमी होतो. विमान उतरवायचे खेळ. कड्यावरून कड्यावर उड्या मारायचे खेळ, जिथे पाय नेमका कुठे पडेल हे आधी कळलं पाहिजे. यातला खेळाडू गुजरीतल्या कारागिरासारखाच चष्मा स्वतःहून मागेल.

गोळीबाराच्या खेळात चित्र मिश्र आहे. नेम धरायचं चिन्ह पडद्याच्या पातळीवर रंगवलेलं असतं आणि शत्रू खोल, पडद्याच्या मागे असतो. शत्रूकडे नजर लावली की नेमाचं चिन्ह दुहेरी दिसायला लागतं. पेनाचं टोक डोळ्यांसमोर धरून लांबच्या भिंतीकडे बघा, दोन टोकं दिसतील, तसंच. शिवाय प्रत्येक चित्र दोनदा काढावं लागत असल्याने त्याच संगणकावर खेळाचा वेग पडतो. जिंकायला बसलेला खेळाडू वेग सोडणार नाही, तो चष्मा काढेल.

आणि फुटबॉल. तुमच्या गेम झोनमध्ये सगळ्यात जास्त काय चालतं हे मी न विचारताही सांगू शकते. ज्या गावात पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की शाहू स्टेडियमकडे गर्दी लोटते, तिथली पोरं पडद्यावरही फुटबॉलच खेळणार. पण फुटबॉलच्या गेममध्ये कॅमेरा गॅलरीइतका उंच आणि लांब असतो. एवढ्या अंतरावर दोन डोळ्यांच्या चित्रांत फरक फारच थोडा पडतो. कृत्रिमरीत्या फरक वाढवला तर मैदान आणि खेळाडू खेळण्यातल्यासारखे चिमुकले दिसायला लागतात. म्हणजे चष्म्याचा मोबदला काहीच नाही. त्यातून फुटबॉल ही चौघांनी सोफ्यावर बसून, एकमेकांच्या तोंडाकडे बघत, ओरडत खेळायची गोष्ट. गोल झाला की मित्राचा चेहरा बघायचा असतो. शटरच्या काचेतून तो काळपट आणि लुकलुकता दिसतो. फुटबॉलला थ्रीडी चष्मा लावायच्या भानगडीत पडू नका.

मात्र चष्म्याचा एक उपयोग आहे ज्यात खोलीचा संबंधच नाही, आणि तुमच्यासारख्या जागेत मला त्याचीच सगळ्यात जास्त आशा वाटते. सोनीने २०११ मध्ये २४ इंची थ्रीडी मॉनिटर काढला होता. त्यावर दोन खेळाडू वेगवेगळे चष्मे घालून एकाच पडद्यावर आपापलं पूर्ण चित्र बघू शकत होते. एलजीच्या पोलराइज्ड टीव्हींमध्ये हीच सोय ड्युअल प्ले नावाने होती. दोन भागांत विभागलेला पडदा टीव्ही एकावर एक ठेवतो. एका चष्म्याच्या दोन्ही काचा डाव्या चित्राच्या, दुसऱ्याच्या दोन्ही उजव्या. चित्र थोडं ताणलेलं दिसतं आणि बारकावा कमी होतो, पण शेजाऱ्याचा अर्धा पडदा चोरून बघायची सोय राहत नाही. "तू माझ्यात बघतोयस" हे भांडण तिथेच मिटतं. चष्मा काढला तर दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळून काहीच कळत नाही, म्हणजे माझ्या कसोटीला हा चष्मा पुरेपूर उतरतो. वर, दोन्ही डोळ्यांना एकच चित्र जात असल्याने डोळ्यांवर वेगळा ताण नाही, आणि आळशी डोळ्याचं मूलही बरोबरीने खेळतं. वापरलेला, पडदा चांगला असलेला एलजीचा पोलराइज्ड थ्रीडी टीव्ही मिळाला तर तो प्रोजेक्टरआधी घ्या. त्याचे चष्मे हलके, बॅटरी नसलेले आणि स्वस्त असतात. गोलाकार पोलरायझेशनच्या दोन साध्या चष्म्यांच्या काचा नीट अदलाबदल करून ड्युअल प्लेची जोडी करता येते. ते काम मी करून देईन.

आता दुकानातले बारीक मुद्दे. नंबरचा चष्मा असणारी मुलं आता खूप आहेत. त्यांना चष्म्यावर चष्मा चढवावा लागतो, आतली फ्रेम नाकात रुतते आणि कानामागे दोन काड्या दाबतात. तुमच्या गिऱ्हाइकांत नाराजीचं पहिलं कारण हेच असेल. खरेदी करताना रुंद फ्रेमचे चष्मे घ्या आणि स्वतःचा नंबरचा चष्मा आत घालून बघा. पोलराइज्डमध्ये आपल्या चष्म्यावर अडकवायच्या क्लिपही येतात. "नंबरचा चष्मा काढून ठेव" असं मात्र कुणाला सांगू नका. धूसर चित्रात खोली नीट दिसत नाही, आणि दोन डोळ्यांचा नंबर वेगळा असेल तर आणखीच कमी दिसते.

शटरचा चष्मा प्रत्येक डोळ्यापुढे निम्मा वेळ बंद असतो आणि उघडा असतानाही काच थोडा प्रकाश खाते. डोळ्यापर्यंत निम्म्याहून बराच कमी उजेड पोचतो. म्हणून प्रोजेक्टर चांगला उजळ हवा आणि खोली अंधारी. पट्टीच्या चोकवर चालणाऱ्या जुन्या ट्यूबलाइट असतील तर त्या बदला. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. शटर उघडतं साठदा. दोन्हींचा मेळ बसत नाही आणि सगळी खोली फडफडल्यासारखी दिसते. लोक चष्म्याला दोष देतात, दोष ट्यूबचा असतो. ज्यांना फिट येण्याचा त्रास आहे त्यांना शटरचा चष्मा देऊच नका, आधी विचारून घ्या.

मान तिरकी झाली की खोली मोडते, कारण दोन चित्रांतला फरक आडवा असायला हवा तो उभा होतो आणि डोळ्यांना उभा फरक जुळवता येत नाही. गाडीच्या खेळात वळण आलं की पोरं अंगासकट झुकतातच. त्यांना टेकायला उंच पाठीची खुर्ची द्या.

बैठक वीस मिनिटांची ठेवा, मग पाच मिनिटं बाहेर, लांब बघायला लावा. पहिल्यांदा येणाऱ्याला खोली अगदी कमी ठेवून द्या. दाखवण्याच्या हौसेने खोली एकदम वाढवली की पहिल्याच दिवशी डोकं धरतं, आणि ते पोरगं परत त्या चष्म्याला हात लावत नाही.

शेवटचा मुद्दा स्वच्छतेचा. २०२३ च्या पावसाळ्यात डोळे येण्याची साथ महाराष्ट्रभर पसरली होती, ती तुम्हालाही आठवत असेल. एकाच्या नाकावरचा चष्मा दुसऱ्याच्या नाकावर जाणार, तर प्रत्येक वापरानंतर फ्रेम, काड्या आणि नाकाची गादी स्पिरिटच्या ओल्या कापडाने पुसा. काचेवर स्पिरिट लावू नका, वरचा थर जातो. तिथे साबणाच्या पाण्याचा मऊ, किंचित ओला कपडा चालेल. हे पुसणं गिऱ्हाइकासमोर, काउंटरवरच करा. साथ असेल तेव्हा थ्रीडी बंद ठेवा. लाल डोळे घेऊन आलेल्याला चष्मा देऊ नका, मग तो रोजचा मित्र का असेना.